अडवलं असेल तर तसं सांगा

एका संस्थेचं नेटवर्क मी काही वर्षं सांभाळलं. वाचनालयातली यंत्रं, कार्यालयातली यंत्रं, वसतिगृहातलं वायफाय, सगळं एकाच फायरवॉलमधून, म्हणजे येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या यंत्रातून, बाहेर जायचं. एकदा दुसरीच कसली तरी तक्रार तपासताना मी लॉग, म्हणजे त्या यंत्राने ठेवलेल्या नोंदी, चाळत होतो आणि एका ओळीशी थबकलो. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेची साइट वाचनालयातल्या एका यंत्रावरून कुणीतरी उघडू पाहत होतं. थोड्या वेळाने पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन संध्याकाळी मिळून अकरा वेळा. अकराही वेळा आमच्या फिल्टरने ती अडवली होती, कारण फिल्टरबरोबर आलेल्या वर्गवारीत ती साइट ‘हिंसा’ या खान्यात जाऊन पडली होती. चौथ्या दिवसापासून प्रयत्न थांबले.

ते यंत्र सगळ्यांसाठी होतं, त्यामुळे समोर कोण बसलं होतं ते कळलं नाही. मी शोधलंही नाही. साइट लगेच मोकळी केली. पण मला आजही टोचतं ते वेगळंच. आमचा फिल्टर अडवायचा आणि गप्प बसायचा. जोडणी नुसती तोडून टाकायचा. पडद्यावर चक्र फिरत राहायचं आणि शेवटी ब्राउझर म्हणायचा, ‘या साइटपर्यंत पोहोचता आलं नाही’. ती संस्था बंद पडली असेल, तिची साइट मोडली असेल, नेट मंद असेल, काहीही वाटू शकतं. एवढंच वाटू शकत नाही की इथेच, या इमारतीत, कुणीतरी दार लावून घेतलंय आणि त्याला जाऊन विचारता येईल. जोडणी गुपचूप तोडायची ही सेटिंग मीच निवडली होती. संदेश दाखवला की लोक हुज्जत घालायला येतात, असं मला तेव्हा वाटायचं.

नेटवर्कवर फिल्टर असावा की नसावा, हा माझ्या लेखी वाद नाही. फिल्टर लागतात. बँकेच्या नावाने फसवणारी साइट सकाळी उभी राहते आणि संध्याकाळपर्यंत शेकडो लोकांना लुटून जाते. ती अडवणारा फिल्टर नसेल तर नेटवर्क सांभाळणाऱ्याने आपलं काम केलं असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: जो अडवतो त्याने अडवल्याचं कबूल करावं, आपलं नाव सांगावं, कारण सांगावं आणि चूक झाली तर दाद मागायला जागा ठेवावी. हा सौजन्याचा भाग नाही. फिल्टर आतून ज्या पद्धतीने चालतो, ती पद्धतच अशी आहे की तो चुकणार, आणि ज्या यंत्राचं चुकणं ठरलेलं आहे त्याला गप्प बसायची मुभा देता येत नाही.

‘कंटेंट फिल्टरिंग’ हे नावच दिशाभूल करतं. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी पान वाचतं, त्यात काय आहे ते समजून घेतं आणि मग ठरवतं. बहुतेक वेळा नेटवर्कला मजकूर दिसतच नाही. दिसतं ते पाकीट. पाकिटावरचं नाव, पत्ता, वजन, कुठून निघालं, कुठे चाललं, एवढ्यावरच निर्णय होतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा म्हणजे डीएनएस. आपण ब्राउझरमध्ये साइटचं नाव टाकतो, पण यंत्रं एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. नावावरून पत्ता सांगणारी ही व्यवस्था १९८३ साली आखली गेली. आपलं यंत्र आधी विचारतं, ‘या नावाचा पत्ता काय?’ आणि उत्तर देतो तो बहुधा आपल्याच नेटवर्कने नेमून दिलेला सर्व्हर. फिल्टर तिथे बसवायचा म्हणजे त्या सर्व्हरला काही नावांपुरतं खोटं बोलायला शिकवायचं. ‘असं नाव अस्तित्वातच नाही’ म्हणायचं, किंवा भलताच पत्ता द्यायचा. हाताएवढ्या यंत्रावर, लाखो नावांची यादी घेऊन हे काम चालतं. पण त्याची धार बोथट आहे. डीएनएसला फक्त डोमेनचं, म्हणजे अख्ख्या साइटचं, नाव कळतं, त्या डोमेनवरचं कोणतं पान हवंय ते कळत नाही. हजारो लोकांचं लिखाण असलेल्या साइटवर एकच पान वाईट असलं तर दोनच पर्याय उरतात: सगळं बंद, किंवा सगळं चालू. शिवाय ज्याला माहीत आहे तो दुसऱ्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटर बंद झालं तेव्हा लोकांनी गूगलच्या डीएनएसचा पत्ता, चार वेळा आठ, भिंतींवर रंगवला होता.

मग पुढची पायरी: आकड्यांचा पत्ताच बंद करायचा. ऐकायला हे जास्त पक्कं वाटतं, पण सर्वांत जास्त निरपराध इथे भरडले जातात. एका पत्त्यावर एकच साइट राहते हा समज फार जुना झाला. आज एका पत्त्यामागे शेकडो, कधी हजारो साइट असतात. मोठ्या इमारतीचा पोस्टाचा पत्ता एकच असावा तसं. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या रोखे आणि गुंतवणूक नियामकाने गुंतवणूकदारांना फसवणाऱ्या एका साइटचा पत्ता बंद करायला सांगितला. त्या पत्त्यावर आणखी बाराशेच्या वर साइट होत्या. त्यात मेलबर्नमध्ये मोफत व्याख्यानं भरवणाऱ्या एका गटाची साइटही गेली. आपली साइट कुणी बंद केली, हे शोधून काढायलाच त्या लोकांना बराच काळ लागला, कारण कुठेही पाटी नव्हती. नंतर त्याच नियामकाने कबूल केलं की दुसऱ्या एका प्रसंगात सुमारे अडीच लाख साइट अशाच सापडल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांवर विशेष मजकूर नव्हता हे खरं, पण आदेश देणाऱ्याला आदेश देताना ते ठाऊक नव्हतं. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम बंद करायला घेतलं तेव्हा ते ॲप ॲमेझॉन आणि गूगलच्या पत्त्यांमागे सरकत गेलं आणि सरकार त्या पत्त्यांच्या मागे लागलं. दीड कोटीहून जास्त पत्ते बंद झाले. दुकानं, बँका, संग्रहालयाची तिकिटं अडकली. टेलिग्राम चालत राहिलं. जून २०२० मध्ये बंदी उठवली गेली.

पत्त्यांशी खेळताना हात सुटला तर काय होतं, त्याचं उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चं. पाकिस्तानातल्या दूरसंचार कंपनीला देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. तिने आपल्या राउटरांना, म्हणजे वाहतुकीला वाट दाखवणाऱ्या यंत्रांना, सांगितलं की यूट्यूबच्या पत्त्यांकडे जाणारा रस्ता आमच्याकडून जातो, म्हणजे ती वाहतूक इथे येऊन जिरेल. ही घोषणा देशातच राहायला हवी होती. ती, तिला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या हाँगकाँगमधल्या कंपनीमार्फत, जगभर पसरली. राउटरांचा नियम असा की दोन रस्त्यांपैकी जो जास्त नेमका पत्ता सांगतो त्याचं ऐकायचं. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या गटाची होती, पाकिस्तानातली २५६ पत्त्यांची. जगभरच्या राउटरांनी नेमका वाटणारा रस्ता धरला आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब गायब झालं. फिल्टर लावणाऱ्या कुणाच्याही मनात हे नव्हतं. त्यांना फक्त आपलं दार लावायचं होतं.

तिसरी जागा जरा खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे, कारण आजचे बरेचसे फिल्टर तिथे बसलेले असतात. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे पत्र बंद पाकिटात जातं. पण पाकीट बंद होण्याआधी ब्राउझरला समोरच्या सर्व्हरला सांगावं लागतं की मला तुझ्याकडच्या हजार साइटपैकी अमुक हवी आहे, म्हणजे तो योग्य ते सर्टिफिकेट, त्या साइटची ओळख पटवणारा दाखला, काढून दाखवेल. हे नाव पहिल्याच निरोपात उघड्यावर जातं. फायरवॉल तेवढ्या एका निरोपावर डोळा ठेवून असतो. नाव यादीत सापडलं की दोन्ही बाजूंना ‘जोडणी संपली’ असं खोटंच कळवून टाकतो. वापरणाऱ्याला वाटतं, समोरच्यानेच फोन ठेवला. आमच्या संस्थेत त्या अकरा वेळा नेमकं हेच घडत होतं. अलीकडे ब्राउझरांत हे नावही झाकण्याची सोय आली आहे, म्हणजे ही फटही हळूहळू बुजत जाईल.

इथे बरेच व्यवस्थापक म्हणतात, मग पाकीटच फोडू. संस्थेच्या प्रत्येक यंत्रात आपलं मूळ सर्टिफिकेट बसवायचं, म्हणजे आपण दिलेले दाखले ते यंत्र खरे मानेल, मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ यंत्र, ठेवायचा, प्रॉक्सीने प्रत्येक साइटचं खोटं सर्टिफिकेट जागच्या जागी बनवून वापरणाऱ्याला दाखवायचं, मजकूर उघडून वाचायचा आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवायचा. हे मी चालवून पाहिलं आहे आणि माझं मत ठाम आहे: सर्वसाधारण संस्थेने हे करू नये. एकदा पाकीट फोडायचं ठरवलं की बँकेचा पासवर्ड, डॉक्टरचा अहवाल, वकिलाचा निरोप, सगळं एका यंत्राच्या पोटातून जातं, आणि ते यंत्र सांभाळणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतं. मी तो माणूस होतो आणि तेवढा विश्वास मागायचा मला काहीही अधिकार नव्हता. दुसरं म्हणजे, समोरच्या साइटचं सर्टिफिकेट खरं आहे का हे आता ब्राउझर तपासत नाही, प्रॉक्सी तपासतो, आणि त्याने हयगय केली तर वापरणाऱ्याला कधीच कळत नाही. अमेरिकेच्या सरकारी सायबरसुरक्षा विभागाने मार्च २०१७ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. कझाकस्तानने जुलै २०१९ मध्ये अख्ख्या देशातल्या लोकांना सरकारी सर्टिफिकेट बसवायला सांगितलं. ऑगस्टमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांनी ते सर्टिफिकेट मानायचं नाकारलं. संस्थेची भिंत आणि देशाची सीमा यांत फरक आहे, पण यंत्रणा तीच आहे.

बरं, पाकीट फोडून पत्र हातात आलं तरी ते वाचणार कोण? यादी, वर्गवारी किंवा शब्द जुळवणारं यंत्र. शब्द जुळवण्याचं प्रसिद्ध उदाहरण १९९६ सालचं आहे. इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या त्या काळच्या मोठ्या इंटरनेट कंपनीकडे खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावातल्या अक्षरांत एक शिवी लपलेली होती. आपल्या भाषेत करून पाहा. ‘विष’ हा शब्द अडवा म्हणालात की ‘विषय’ अडतो, ‘विषाणू’ अडतो, ‘विषमता’ अडते, आणि ‘भविष्य’सुद्धा अडतं. ‘दारू’ अडवलीत की इतिहासाच्या पानावरचा ‘दारूगोळा’ गेला. यंत्र अक्षरांची माळ बघतं; आपण शब्द वाचतो.

वर्गवारी यापेक्षा शहाणी असते, पण तिचा शहाणपणा कुणाचा, हे विचारायला हवं. कंपनी कोट्यवधी साइटना खाने लावते आणि ती यादी विकते. यादीत काय आहे ते विकत घेणाऱ्यालाही पूर्ण दिसत नाही. एकेक साइट टाकून विचारावं लागतं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या कॅमडेन्टन इथल्या शाळांच्या फिल्टरने समलिंगी मुलांना आधार देणाऱ्या साइट ‘लैंगिकता’ या खान्यात टाकून बंद केल्या होत्या, आणि त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्या साइट ‘धर्म’ या खान्यात उघड्या होत्या. कुणी शिक्षकाने बसून हा भेद केला नव्हता. तो विकत आलेल्या यादीतच शिवलेला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालयाने तो फिल्टर थांबवायला लावला. ज्या भाषांचा जालावरचा पसारा लहान आहे त्यांची अवस्था आणखी वेगळी. त्यांच्या साइट वर्गवारी करणाऱ्यांच्या वाटेतच येत नाहीत आणि ‘वर्ग न लागलेल्या’ म्हणून पडून राहतात. सावध व्यवस्थापक तो खाना सरसकट बंद करतो. मीही केला होता. दोन दिवसांत लक्षात आलं की अडलेल्या साइटपैकी कितीतरी धड चांगल्या होत्या, फक्त त्या इंग्रजीत नव्हत्या.

यंत्र कितीही चांगलं झालं तरी एक हिशोब सुटत नाही. समजा, दर हजार पानांत एकच पान खरोखर अडवण्यासारखं आहे आणि आपला फिल्टर शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर ठरवतो. एक लाख पानं घ्या. वाईट शंभर, त्यातली नव्याण्णव पकडली जातात. चांगली ९९,९००, त्यातल्या शंभरातलं एक चुकून अडतं, म्हणजे ९९९. अडलेली एकूण पानं १,०९८, आणि त्यातली ९९९ निर्दोष. अडवलेल्या प्रत्येक अकरा पानांत दहा निरपराध! वाईट गोष्ट दुर्मीळ असली की हे असंच होणार. कुणी विक्रेता ‘आमची अचूकता नव्याण्णव टक्के’ म्हणाला की मला ही अकरातली दहा पानं आठवतात.

चूक ठरलेलीच आहे, तर प्रश्न उरतो की चूक झाल्यावर ती कळते कुणाला. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमध्ये काय झालं ते पाहा. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं जालावरून हटवण्यासाठी काम करणाऱ्या इंटरनेट वॉच फाउंडेशनने विकिपीडियाचं एक पान यादीत टाकलं. त्यावर एका जुन्या संगीत अल्बमचं मुखपृष्ठ होतं. या संस्थेचं काम अत्यंत गरजेचं आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण यादी लागू करताना अनेक इंटरनेट कंपन्यांनी विकिपीडियाची सगळी वाहतूक मोजक्या प्रॉक्सींतून वळवली. लाखो वाचक विकिपीडियाला मूठभर पत्त्यांवरून येताना दिसू लागले, आणि तिथली खोडसाळपणा रोखायची व्यवस्था त्या सगळ्यांना एकच माणूस समजू लागली. खातं न उघडता संपादन करणाऱ्यांचं काम ठप्प झालं. कित्येकांना ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसलं, जणू विकिपीडियानेच ते काढून टाकलं. चार दिवसांत निर्णय मागे घेतला गेला, आणि तोही विकिपीडियाकडून दाद मागितली गेली म्हणून. एखाद्या लहान साइटचं असं पान हरवलं असतं तर कुणी शोध घेतला असता?

याउलट मार्च २०१२ मध्ये डेन्मार्कमध्ये. पोलिसांच्या यादीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून सुमारे आठ हजार निर्दोष साइट गेल्या, त्यात गूगल आणि फेसबुकही होतं. तिथे अडवलेल्या साइटच्या जागी पोलिसांचा संदेश झळकायचा. लोकांना तत्क्षणी कळलं की हे कुणी केलं आणि कुणाला विचारायचं. काही तासांत चूक सुधारली. चूक ब्रिटनमधल्यापेक्षा कितीतरी मोठी होती, पण कर्ता लपलेला नव्हता.

यासाठी तांत्रिक भाषाही तयार आहे, ती वापरायची कुणाला घाई नाही एवढंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये वेबच्या नियमांत ४५१ हा संदेश-क्रमांक आला. अर्थ असा की हे पान कायदेशीर कारणाने दाखवता येत नाही. त्याबरोबर ‘कुणी अडवलं’ याचा दुवा द्यायचीही सोय आहे. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये डीएनएससाठी जे वाढीव त्रुटी-क्रमांक ठरले, त्यातले तीन मला फार मोलाचे वाटतात. पंधरा: हा सर्व्हर चालवणाऱ्याने आपल्या सुरक्षा-धोरणाने अडवलं. सोळा: बाहेरच्या कुणाच्या आदेशाने अडवलं. सतरा: तुम्हीच मागितलं होतं म्हणून अडवलं. एकच कृती, पण तीन निरनिराळे मालक. हे आकडे लिहिणाऱ्या अभियंत्यांना कळलं होतं की ‘काय अडलं’ यापेक्षा ‘कुणाच्या सांगण्यावरून अडलं’ हे आधी कळायला हवं.

माझी सगळी भूमिका या तीन आकड्यांभोवती उभी आहे. सतराबद्दल मला काहीच आक्षेप नाही. आईवडिलांनी लहान मुलाच्या यंत्रावर फिल्टर लावला, कुणी स्वतःला जुगारापासून दूर ठेवण्यासाठी लावला, तर ती त्यांची निवड आहे आणि फिल्टर तिथे, यंत्रावरच, सगळ्यात चांगला बसतो. यंत्रावर बसलेल्या फिल्टरला पाकीट फोडावं लागत नाही, पत्र तिथे उघडंच असतं. पंधरा मान्य आहे, पण मर्यादेत. कार्यालय आपल्या यंत्रांवर काय चालावं ते ठरवू शकतं, फसव्या साइट अडवणं तर कर्तव्यच आहे. मात्र नियम लिहून वाचायला ठेवलेले असावेत. सोळा, म्हणजे बाहेरचा आदेश, तिथे सगळ्यात जास्त उजेड हवा: आदेश कुणाचा, कोणत्या तरतुदीखाली, किती काळासाठी. आणि घडतं नेमकं उलटं. सोळा क्रमांकाच्या गोष्टी कुलूपबंद खोलीत ठेवल्या जातात आणि यादीच गुप्त असते.

यादी उघड केली तर ती वाईट साइटची निर्देशिका होईल, हा आक्षेप मी मानतो. मुलांच्या शोषणाच्या चित्रांची यादी प्रसिद्ध करा असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. पण यादी प्रसिद्ध करणं वेगळं आणि अडलेल्या माणसाला ‘तुला आम्ही अडवलंय’ म्हणून सांगणं वेगळं. त्या माणसाला पत्ता आधीच माहीत आहे. त्याला नवं काहीही कळत नाही. दुसरा आक्षेप, सांगितलं की लोक पळवाट काढतील. ज्याला पळवाट काढायची आहे तो न सांगताही काढतो. चक्र फिरत राहिलं की तोच आधी ओळखतो की हा फिल्टर आहे, आणि दुसऱ्या मार्गाने जातो. गप्प फिल्टरने फसतो तो भोळा वापरणारा.

एक आक्षेप मात्र खरोखर अवघड आहे. एचटीटीपीएसमुळे अडवल्याची पाटी दाखवणंच कठीण झालंय. पाकीट बंद असताना मधला माणूस आपली चिठ्ठी आत घालू शकत नाही. घालायला गेला तर ब्राउझर मोठ्ठा लाल इशारा देतो की सर्टिफिकेट जुळत नाही. आणि असे इशारे रोज दिसू लागले की लोक ते डावलायला शिकतात, जी सवय खऱ्या हल्ल्याच्या दिवशी घातक ठरते. म्हणूनच मला वाटतं, हे काम ब्राउझर बनवणाऱ्यांनी अंगावर घ्यायला हवं. डीएनएसकडून पंधरा, सोळा, सतरा आलं की ब्राउझरने स्वतःच्या शब्दांत साधं वाक्य दाखवावं. क्रमांक ठरलेत, वाक्य दाखवायचं बाकी आहे.

ब्राउझरवाल्यांची या क्षेत्रातली दुसरी उडी मात्र वादाची ठरली. ऑक्टोबर २०१८ मध्ये डीएनएसचे प्रश्नही बंद पाकिटातून पाठवायची पद्धत प्रमाण झाली. फायरफॉक्सने ती आणायचं ठरवल्यावर २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला ‘इंटरनेटचा खलनायक’ या नामांकनात बसवलं आणि टीका झाल्यावर ते मागेही घेतलं. नेटवर्क सांभाळणाऱ्यांची अडचण मला आतून ठाऊक आहे. यंत्रात शिरलेला विषाणू बाहेर कुणाशी बोलतोय, हे डीएनएसवरून दिसायचं. ते दिसेनासं होतं. तरी मी या वादात पाकिटाच्या बाजूने आहे. ज्या नेटवर्कवर माझा भरवसा नाही, तिथे माझे प्रश्न कुणी वाचू नयेत. ज्या नेटवर्कवर भरवसा आहे, तिथला फिल्टर मी माझ्या हाताने निवडेन. भरवसा मिळवायचा तर आधी सांगावं लागतं की मी इथे उभा आहे.

अमेरिकेत २००० साली कायदा झाला की केंद्र सरकारची इंटरनेट-मदत घेणाऱ्या वाचनालयांनी फिल्टर लावावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा टिकला. टिकण्याचं एक मोठं कारण असं दिलं गेलं की प्रौढ वाचकाने ग्रंथपालाला सांगितलं की फिल्टर उघडून मिळतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाचनालयातलं ते यंत्र आठवलं. सांगितलं की उघडून मिळतो, ठीक. पण अडलंय हेच ठाऊक नसेल तर सांगणार काय? आणि ठाऊक असलं तरी, घरच्या मारहाणीची साइट उघडून द्या, असं टेबलापलीकडच्या ओळखीच्या माणसाला सांगायला किती जणी उठतील?

त्यानंतर मी आमच्या व्यवस्थापनाशी भांडून तीन बदल करून घेतले. संस्थेच्या यंत्रांवर अडवल्याचा संदेश दिसू लागला: कोणता खाना, कुणाचा निर्णय, कुणाला लिहायचं. दुसरं, हाताने टाकलेल्या प्रत्येक नोंदीला सहा महिन्यांची मुदत लावली. मुदत संपली की नोंद आपोआप गळते, पुन्हा हवी असेल तर पुन्हा कारण लिहायचं. पहिल्या सहा महिन्यांनी निम्म्याहून जास्त नोंदी अशा होत्या की त्या का टाकल्या ते आमच्यापैकी कुणालाच आठवेना. तिसरं, आरोग्य, कायदा, समुपदेशन आणि हिंसा या खान्यांवर मोठ्यांसाठी संदेशाखाली ‘तरीही पुढे जा’ असं बटण दिलं. कुणाची परवानगी लागत नाही, कारण विचारलं जात नाही, आणि ते बटण कुठल्या यंत्रावरून दाबलं गेलं याची नोंद लॉगमध्ये होत नाही.